आधी पाणी, मग रूळ, मग झाडं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बागेत सहा मीटर बाय चार मीटरचा कोपरा मोकळा आहे. तिथे बागेतल्या छोट्या रेल्वेचा ४५ मिलिमीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेला, सुरुवातीचा संच थेट मातीवर मांडलात. दोन मोठे पाऊस झाले आणि रूळ वरखाली झाले, मागच्या वळणावर डबे उतरायला लागले, आणि लांबच्या बाजूला गेलं की इंजिन मंदावतं. आता याच जागेवर डोंगर, बोगदा, ओढा, तळं आणि एक लहानसं गाव उभं करायचं आहे. सुरुवात कुठून करावी, आणि झाडं कोणती लावावीत?

वीस वर्षांहून जास्त काळ मी बागेतल्या गाड्या चालवतो आहे, आणि तीन वेळा सगळं उखडून पुन्हा मांडलं आहे. तिन्ही वेळा कारण एकच होतं. बाग हलते. माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. मुळं जाड होतात, मुंग्या भराव पोखरतात, गांडुळं खालची माती वर आणून टाकतात. रुळाला मात्र दोन मिलिमीटरचा फरकही सोसत नाही. म्हणून जमीन तयार करून तिच्यावर रेल्वे ठेवायची, हा सर्वांना आधी सुचणारा क्रमच मी आता उलटा करतो. रेल्वे तिच्या स्वतःच्या पायांवर उभी करायची, आणि माती, दगड, झाडं नंतर तिच्यापर्यंत आणायची. तुमच्या तिन्ही तक्रारींपैकी दोन यातच सुटतात.

पण त्याच्याही आधी एक काम आहे. पुढचा जोराचा पाऊस आला की छत्री घेऊन त्या कोपऱ्यात उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठून बाहेर जातं ते पाहा आणि कागदावर बाण काढून ठेवा. छपराची पन्हळ त्या बाजूला सुटते का, हेही बघा. मग कोरड्या दिवशी हातभर खोल खड्डा काढून तो पाण्याने भरा. तासा-दोन तासांत रिकामा झाला तर जमीन चांगली. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर खाली चिकणमाती आहे आणि तिच्यावर काहीही थेट टेकवायचं नाही. संपूर्ण कोपऱ्याला मीटरमागे एक-दोन सेंटिमीटरचा ढाळ द्या, आणि जिथे रेल्वे पाण्याची वाट अडवणार असेल तिथे आधीच मोरी टाका. चार-पाच सेंटिमीटर व्यासाचा पाइप पुरतो. तोंडाला दगड लावले की ती मोरी खऱ्या रेल्वेच्या मोरीसारखी दिसते आणि कामही तेच करते.

आता पाया. लोक तीन प्रकारे करतात. पहिला खडीचा: वीतभर रुंद आणि दहा-पंधरा सेंटिमीटर खोल चर, तळाशी तण थांबवणारं कापड, वर बारीक खडी आणि कच दाबून भरलेली, आणि त्यावर रूळ. निचरा उत्तम होतो, खर्च कमी, आणि मांडणी बदलायची तर एका दुपारचं काम. पण पाया सैल असल्याने दर मोसमात रूळ उचलून खडी पुन्हा भरावी लागते. दुसरा काँक्रीटचा. हा मी पहिल्या खेपेला केला होता आणि आता कुणालाही सुचवत नाही. खालची माती फुगली की काँक्रीटला तडा जातो, आणि तड्याच्या दोन बाजूंची पातळी वेगळी झाली की दुरुस्तीला छिन्नी-हातोडाच लागतो.

तिसरा प्रकार शिडीचा, आणि तुमच्या जागेला मी तोच सांगेन. सहा-आठ मिलिमीटर जाडीच्या आणि चार-पाच सेंटिमीटर उंचीच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या उभ्या धरायच्या, मध्ये दर वीतभर अंतरावर ठोकळे घालून स्क्रूने आवळायच्या. वरून पाहिलं तर आडवी टाकलेली शिडीच. ती खांबांवर बसवायची. खांब म्हणजे साधे पाइप, दर साठ सेंटिमीटरवर, निम्मा मीटर जमिनीत गाडलेले. खांब आणि शिडी जोडणाऱ्या बोल्टचं भोक उभट ठेवलं की पुढे पातळी चुकली तरी बोल्ट सैल करून, पाणसळ (स्पिरिट लेव्हल) लावून, पुन्हा आवळता येते. चिकणमाती असेल तर खांब आणखी खोल न्या, कारण फुगण्या-आकसण्याचा जोर वरच्या थरात जास्त असतो.

शिडीची एक खुबी मला फार आवडते. पातळ पट्टी हाताने वाकवली की ती सरळ रेषेतून वळणात एकदम शिरत नाही, हळूहळू वाकत जाते. खऱ्या रेल्वेत सरळ मार्ग आणि वळण यांच्यामध्ये जे संक्रमण वळण मुद्दाम आखावं लागतं, ते इथे पट्टी आपणहून देते. ठोकळे घालण्याआधी पट्ट्या बांबूच्या खुंट्यांमध्ये नुसत्या वाकवून ठेवा आणि लांबून बघा. डोळ्याला जिथे खटकेल तिथेच पुढे गाडी हिसका खाणार.

उंचीचा विचारही याच वेळी करा. जमिनीलगतची गाडी आपण नेहमी वरून बघतो, आणि वरून पाहिलेली कोणतीही गाडी खेळण्यासारखी दिसते. रूळ जमिनीपासून चाळीस ते साठ सेंटिमीटर उंच घेतले तर खुर्चीत बसल्यावर नजर डब्यांच्या खिडक्यांजवळ येते आणि गाडीला एकदम वजन येतं. कंबर आणि गुडघे वाचतात, हा फायदा पन्नाशीनंतर कळतो. तुमच्या कोपऱ्यातली मागची जमीन उंच आणि पुढची थोडी कमी उंच घ्या. पण रूळ सपाटच राहू द्या. चढउतार जमिनीला द्या. रूळ एकाच पातळीत असले तरी जमीन कधी खाली जाते आणि पूल दिसतो, कधी वर येते आणि खिंड दिसते.

रुळांना चढ का नको, ते आकड्यांत सांगतो. एका रुळावरून दुसरा रूळ पुलाने न्यायचा तर डब्यांची उंची आणि पुलाची जाडी धरून निदान पंचवीस सेंटिमीटर चढावं लागतं. दोन टक्के चढ, म्हणजे मीटरमागे दोन सेंटिमीटर, हा लांब गाडीला सोसणारा चढ. त्या हिशेबाने वर जायला साडेबारा मीटर आणि खाली यायला तेवढेच. तुमच्या जागेत १.२ मीटर त्रिज्येची वळणं असलेला लंबगोल बसवला तर त्याची पूर्ण लांबीच साधारण तेरा मीटर होते. म्हणजे नुसत्या चढउतारासाठी दोन फेऱ्यांची वाट हवी. चार टक्क्यांवर ओढूनताणून जमेल, पण वळणावर चाकांची कड रुळाला घासते, त्यात चढ मिसळला की इंजिन दोन डब्यांतच दमतं. स्वित्झर्लंडची बर्निना रेल्वे दातेरी रुळाशिवाय सात टक्के चढ चढते हे खरं, पण ती १९१० पासून विजेवर धावणारी, त्याच कामासाठी आखलेली रेल्वे आहे. तिची नक्कल संचातल्या छोट्या इंजिनाकडून होणार नाही.

वळणांचंही तसंच. संचातल्या वळणाची त्रिज्या ६०० मिलिमीटर असते. १९६८ मध्ये न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने एलजीबी नावाने ही मोठी बागेतली रेल्वे आणली, तिचं प्रमाण एकास साडेबावीस; एक मीटर गेजची खरी रेल्वे साडेबावीस पटीने लहान केली की जवळपास ४५ मिलिमीटर येतात. त्याच प्रमाणात ६०० मिलिमीटरचं वळण मोठं करून बघा: साडेतेरा मीटर. एवढ्या आखूड वळणावरून डोंगरातली खरी गाडी वळत नाही. बर्निना मार्गावर सर्वांत तीव्र वळण ४५ मीटर त्रिज्येचं आहे. ते आपल्याकडे दोन मीटरचं होईल. दोन मीटर तुम्हाला जमणार नाहीत, पण १.२ मीटर आरामात जमतात, आणि ६०० वरून १२०० वर गेल्यावर गाडीच्या चालीत पडणारा फरक दुसऱ्या कोणत्याही खर्चाने मिळत नाही. लांब डबे वळणावर बाहेर लोंबत नाहीत, डबे जोडणारं कपलिंग ताणलं जात नाही, चाकं कमी झिजतात.

प्रमाणाविषयी एक सावधगिरी. ४५ मिलिमीटर रुळावर धावतं म्हणून सगळं एकाच मापाचं असतं असं नाही. मीटर गेजची मॉडेलं एकास साडेबावीस, तीन फुटी रेल्वेची एकास २०.३, आणि त्याहून रुंद अशा स्टँडर्ड गेजची (१४३५ मिलिमीटर) एकास ३२ असतात. शिवाय एकास २९ आणि एकास २४ हेही चालतात. दार्जिलिंग किंवा वेल्समधली फेस्टिनियॉग यांसारख्या दोन फुटी रेल्वे मनात असतील तर त्यांच्यासाठी एकास १९ प्रमाण आणि ३२ मिलिमीटर रूळ हा वेगळाच संसार आहे. खरेदीपूर्वी एक प्रमाण ठरवा. डबे थोडे वेगळे असले तरी डोळा माफ करतो, पण एकास ३२ च्या डब्याशेजारी एकास २० चा माणूस उभा केला की तो राक्षस दिसतो.

मी एक काठी करून ठेवली आहे. तिच्यावर खुणा आहेत: माणूस साडेसात सेंटिमीटर, दार नऊ, दुमजली घर एकतीस, पंधरा मीटरचं झाड सदुसष्ट. ही एकास साडेबावीसची मापं. बागेत काहीही ठेवण्याआधी काठी शेजारी धरायची. याच मापाने मोठ्या स्वप्नांचाही हिशेब लागतो. स्वित्झर्लंडचा लांडवासर पूल सर्वांनाच करावासा वाटतो: १९०२ चा, सहा कमानींचा, सुमारे १३६ मीटर लांब आणि ६५ मीटर उंच. काटेकोर प्रमाणात तो सहा मीटर लांब आणि जवळजवळ तीन मीटर उंच होईल, म्हणजे तुमच्या कोपऱ्याची सगळी लांबी आणि पावणेदोन माणसांची उंची. म्हणून पूल, डोंगर, फलाट यांची लांबी-उंची आपण मोकळेपणाने कमी करायची. मात्र माणसाच्या हाताशी येणाऱ्या गोष्टी, म्हणजे दारं, पायऱ्या, कठडे, बाकं, काटेकोर प्रमाणात ठेवायच्या. त्या बरोबर असल्या की तीन कमानींचा पूलही भव्य वाटतो.

आता धातू. पितळी रूळ उन्हात वाढतो. पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत रुळाच्या तापमानात चाळीस अंशांचा फरक पडला तर दहा मीटरला सुमारे साडेसात मिलिमीटर वाढ होते; अॅल्युमिनियमला नऊहून जास्त. माझ्या काँक्रीटच्या मार्गावर मी प्रत्येक स्लीपर, म्हणजे रुळाखालची आडवी पट्टी, स्क्रूने पक्का केला होता. एका कडक दुपारी बाहेर आलो तर सरळ मार्गाचा मधला भाग नागासारखा वाकलेला, आणि दोन जोडांजवळ स्लीपर तुटलेले. त्यानंतर मी अर्ध्या मीटरमागे एकच स्क्रू घालतो, तोही लांबट भोकात, रूळ सरकू शकेल इतका सैल. बंद फेरी असेल तर ती मोकळी ठेवल्यावर उन्हात सगळीकडून दीड-दोन मिलिमीटर फुगते आणि रात्री परत येते; कुणाच्या लक्षातही येत नाही. थंडीत रूळ टाकत असाल तर जोडांमध्ये एक-दोन मिलिमीटर फट सोडा, भर उन्हात टाकत असाल तर फट लागत नाही.

खडी शेवटी घालायची, आणि ती टोकेरी हवी. नदीतले गोल खडे मण्यांसारखे घरंगळतात; फोडलेल्या दगडाचे दोन ते पाच मिलिमीटरचे तुकडे एकमेकांत अडकून बसतात. त्यात थोडा कच मिसळला की पहिल्याच पावसात सगळं आवळून येतं.

लांबच्या बाजूला इंजिन मंदावतं त्याचं कारण बहुधा मोटर नसून जोड आहेत. दोन रूळ जोडणारी पितळी फिशप्लेट उघड्यावर काही महिन्यांत काळवंडते आणि प्रत्येक जोड थोडा-थोडा विजेला अडवतो. वीज एकाच ठिकाणी जोडली असेल तर समोरच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंचे सगळे जोड ओलांडताना विजेचा दाब (व्होल्टेज) कमी होतो. गाडी चालू असताना दोन्ही ठिकाणी व्होल्टमीटर लावून पाहा, फरक दिसेल. उपाय दोन: फिशप्लेटच्या जागी स्क्रूने आवळायचे क्लॅम्प लावा, आणि अडीच चौरस मिलिमीटरची जाड तांब्याची तार फेरीभर नेऊन दर चार-पाच मीटरवर रुळाला जोडा. किंवा तिसरा, ज्याकडे मी स्वतः वळलो: लिथियमची बॅटरी इंजिनात किंवा मागच्या वाघिणीत (मालडब्यात), आणि हातात रेडिओ रिमोट. मग रूळ चमकवत बसावं लागत नाही, ओल्या पानांची आणि गोगलगायींची भीती नाही. तुमच्या इतक्या छोट्या फेरीला आणि एका-दोन इंजिनांना बॅटरीच सोपी. चार-पाच इंजिनं एकाच वेळी, आवाज-दिवे सगळं हवं असेल तर मात्र रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणारी डिजिटल वीज बरी. दोन्हींत एक नियम मोडू नका: घरातली वीज घरातच राहते. ट्रान्सफॉर्मर कोरड्या जागी, आरसीसीबीच्या (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचच्या) मागे, आणि बागेत फक्त चोवीस व्होल्टपर्यंतचा कमी दाब.

रूळ घासायला लोखंडी घासणी कधीही वापरू नका. तिचे केसासारखे तंतू तुटून मोटरच्या चुंबकाला चिकटतात आणि इंजिन आतून जळतं. प्लास्टिकची खरखरीत जाळी किंवा बारीक पॉलिशचा कागद लाकडाच्या ठोकळ्याला लावून घ्या.

वाफेच्या इंजिनाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण एक दिवस विचाराल. गॅसवर पाणी उकळून चालणारी छोटी इंजिनं याच ४५ मिलिमीटर रुळावर धावतात. त्यांना सपाट मार्ग आणि रुंद वळणं लागतात, कारण चढावर ती थांबतात आणि उतारावर सुसाट सुटतात. आता १.२ मीटर आणि सपाट पाया केलात तर तो दरवाजा उघडा राहील.

डबे उतरण्याचा तपास असा. एक दोन आसांची वाघीण घ्या आणि हाताने, अगदी सावकाश, सगळी फेरी ढकला. बोटांना कळतं. जिथे अडेल तिथे रुळांवर आडवी छोटी पाणसळ ठेवा. दहापैकी आठ वेळा एका बाजूचा रूळ खचलेला असतो, म्हणजे मार्गाला पीळ पडलेला असतो, आणि दोन आसांच्या ताठ वाघिणीचं एक चाक हवेत राहतं. उरलेल्या वेळा वळणातल्या जोडावर कोपरा पडलेला असतो. वळणातल्या जोडांना मी म्हणूनच दोन रुळांवर समोरासमोर येऊ देत नाही, निम्म्या अंतराने पुढेमागे करतो. हलक्या वाघिणींच्या तळाशी थोडं वजन चिकटवलं की बराच फरक पडतो.

एवढं झाल्यावर थांबा. उघड्या शिडीवर एक पूर्ण पावसाळा किंवा निदान दोन-तीन महिने गाडी चालवा. फार कठीण जातं, मला माहीत आहे. डोंगराचे दगड आणून ठेवलेले असतात आणि हात शिवशिवतात. पण जो दोष उघड्या मार्गावर पाच मिनिटांत सुटतो, तोच डोंगराखाली गेला की डोंगर पाडावा लागतो.

डोंगर कुठे असावा? फेरी पूर्ण दिसणार नाही अशा जागी. बसायच्या जागेवरून पाहा आणि लंबगोलाचा मागचा एक-तृतीयांश भाग झाकेल असा उंचवटा मध्यापासून थोडा बाजूला घ्या. गाडी नजरेआड गेली की ती दूर गेल्यासारखी वाटते, परत आली की कुठूनतरी आल्यासारखी. बागेतल्या छोट्या रेल्वेचं सगळं सुख मला त्या काही सेकंदांच्या वाट पाहण्यात सापडतं. आतल्या बाजूला पाय ठेवायला दोन-तीन सपाट दगड आधीच बसवा, कारण आपला हात साठ-सत्तर सेंटिमीटरच्या पुढे काम करत नाही.

दगड एकाच जातीचे घ्या. वेगवेगळ्या रंगांचे पाच सुंदर दगड एकत्र ठेवले की संग्रह दिसतो, डोंगर दिसत नाही. थरांचे दगड असतील तर सगळ्यांचे थर एकाच दिशेने, एकाच तिरकसपणाने बसवा. प्रत्येकाचा एक-तृतीयांश भाग मातीत गाडा. गोटे टाळा. पाण्याने गुळगुळीत झालेला दगड कितीही लहान असला तरी गोटाच दिसतो. ताज्या फोडलेल्या दगडावर मात्र बारीक भेगा असतात आणि त्या कड्यासारख्या दिसतात. घळीत थोडा कच आणि खाली बारीक तुकडे ओतले की दरड कोसळल्याची खूण तयार होते, आणि माती धुपू नये म्हणून तिचा आधारही होतो.

बोगदा लहान ठेवा. दोन्ही तोंडांतून हात घातला की मध्ये बोटं भेटली पाहिजेत, एवढीच लांबी. त्याहून लांब करायचा असेल तर वरून काढता येणारं झाकण ठेवा आणि ते झुडपाच्या कुंडीने झाकून टाका. आतून पंचवीस-तीस सेंटिमीटरचा पाइप घाला, त्याला बाहेरच्या दिशेने किंचित ढाळ द्या, आणि गाडी चालत नसताना तोंडांना जाळी लावा. सापडलेल्या निवाऱ्याचा ताबा प्राणी दोन रात्रींत घेतात.

पाण्याविषयी माझं मत ठाम आहे: कमी वापरा. दगड, घर, झाड लहान करता येतं. पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. वीतभर उंचीवरून पडणारी जाड धार प्रमाणात पाहिली तर अजस्र धबधबा होतो, आणि खळाळणाऱ्या पाण्यातले बुडबुडे टरबुजाएवढे वाटतात. खरखरीत दगडावरून पातळ थर ओघळू दिला तर ते पटतं. स्थिर तळं सर्वांत उत्तम, कारण त्यात पूल आणि आकाश उमटतं. पण साचलेलं पाणी डासांना बोलावतं. मंद पंप चालू ठेवा किंवा गप्पीसारखे अळ्या खाणारे मासे सोडा. घरात लहान मूल असेल तर तळ्यात पाण्याच्या जेमतेम खाली भक्कम जाळी बसवा, नाहीतर तळं काही वर्षं पुढे ढकला. बोटभर पाण्यावर मी कधीही विश्वास ठेवत नाही. आणि तळ्याचं अस्तर घालताना कड सगळीकडे समपातळीत आहे का ते पाणसळीने बघा. एका बाजूला उघडं अस्तर दिसलं की सगळा देखावा फसतो.

आता झाडं, ज्यासाठी तुम्ही विचारलंत. झाडाची उंची छाटून कमी करता येते, पानाचा आकार नाही. म्हणून निवड पानावरून करायची. एक सेंटिमीटरचं पान आपल्या प्रमाणात साडेबावीस सेंटिमीटरचं होतं, तेवढं खपतं. तीन सेंटिमीटरचं पान म्हणजे हत्तीचा कान. उष्ण हवेत सेरिसा, कुफिया, पोर्टुलाकारिया, कार्मोना आणि बारीक पानांचे फायकस चांगले साथ देतात. थंड प्रदेशात बॉक्सवुड आणि ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस. हा स्प्रूस वर्षाला काही सेंटिमीटरच वाढतो आणि जन्मतःच डोंगरातल्या मोठ्या सूचिपर्णी झाडासारखा दिसतो. कुरणासाठी हिरवळ लावू नका, तिचं एकेक पातं ऊस वाटतं. थाइम, बुटकं सेडम, सावलीत साजिना किंवा शेवाळ लावा.

झुडूप आणलं की ते झुडूपच असतं. त्याचं झाड आपण करायचं. खालच्या फांद्या काढून खोड मोकळं करा, आतल्या गर्दीत हवा खेळेल एवढी विरळणी करा, शेंडा थोडा असमान ठेवा. बॉन्साय करणाऱ्यांकडून हे शिकण्यासारखं आहे. खोडाभोवती रिकामी जागा दिसली की माणसाची साडेसात सेंटिमीटरची मूर्ती त्याखाली उभी करून बघा. झाड क्षणात मोठं होतं. वीस झाडं सगळीकडे पेरण्यापेक्षा सात एकत्र लावून रान करा आणि बाकी जमीन मोकळी सोडा. उंच झाडं पुढे, बुटकी आणि आणखी बारीक पानांची मागे लावली तर चार मीटरची खोली दुप्पट भासते.

फायकस कधीही थेट जमिनीत लावू नका. त्याची मुळं शिडी उचलतात. मी सगळी झाडं कुंडीसकट गाडतो. वाढ आवरती राहते, आणि जागा बदलायची तर कुंडी उचलली की झालं. मात्र कुंडीतलं पाणी लवकर आटतं, म्हणून ठिबकची नळी शिडीच्या कडेने आधीच टाकून ठेवा. फवारा नको, रूळ आणि घरं सतत ओली राहतात. रुळापासून वीतभर पट्टा कायम मोकळा ठेवा. वेलीसारखं झपाट्याने पसरणारं काहीही, कितीही देखणं असलं तरी, आणू नका. एका मोसमात माझा पूर्ण फाटा अशा एका पसरट झाडाने गिळला होता. स्लीपरांमधून मुळं काढायला दोन रविवार गेले.

गाव तुमच्या जागेत पाच-सहा इमारतींचं पुरे. स्टेशन, मालधक्का, दोन घरं, एक गोदाम. गाडी इथे का थांबते, याचं उत्तर त्या इमारतींतून मिळालं पाहिजे: खाणीतला दगड, लाकूड, दूध, काहीतरी एक ठरवा, मग वाघिणीही त्याच्याच निवडता येतात. साहित्य पीव्हीसी फोम शीट, सिमेंटच्या ओतीव भिंती किंवा पातळ दगडी कपच्या. प्लायवूड बाहेर टिकत नाही. प्रत्येक इमारतीखाली सपाट फरशी पाणसळीने बसवा. घर दोन अंश कललं तर झाडं, दगड सगळं खोटं वाटायला लागतं. छप्पर काढता येईल असं करा, आत मुंग्या आणि गांधीलमाशा घर करतात. चकचकीत रंगावर शेवटी मॅट लेप द्या. मूर्ती थोड्या आणि बसलेल्या किंवा उभ्या घ्या. धावण्याच्या पवित्र्यात गोठलेला माणूस दुसऱ्या नजरेलाच निर्जीव वाटतो.

गाडी काढण्याआधीचा माझा नेम पाच मिनिटांचा आहे. मऊ ब्रशने फेरी झाडायची, सांध्यांच्या, म्हणजे गाडी दुसऱ्या मार्गावर वळते त्या जागांच्या, फटींतून खडे आणि गोगलगायी काढायच्या, वाघीण एकदा हाताने फिरवायची. वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, सगळी पाणसळ पुन्हा.

राहिले तुमच्या संचातले ६०० मिलिमीटरचे वळणाचे तुकडे. ते टाकून देऊ नका. मुख्य फेरी रुंद झाली की एक सांधा लावून डोंगराच्या मागून खाणीकडे जाणारा फाटा काढा आणि ते तिथे वापरा. खाणीतले फाटे खरोखरच आखूड वळणांचे असतात, दोन आसांचं लहान इंजिन आणि तीन छोट्या वाघिणी तिथे सावकाश, न उतरता फिरतील. फक्त त्या फाट्याखालीही शिडी घाला.